बाळंतिणीच्या खोलीतले मासे

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला दुसऱ्या कोणी सांगायला नको. भाजीवालीचा तराजू, दूधवाल्याचं माप, पाहुण्यांचं फार गोड बोलणं, सगळ्यांकडे मी आधी तिरपं बघते आणि मग सरळ. माझी सून म्हणते, ‘आई, तुम्ही पोलिसात पाहिजे होत्या.’ म्हणू दे. पण हा गुण मी जन्माला येताना घेऊन आले नव्हते. मला तो एका हिवाळ्यात लागला, वर्ध्याच्या आमच्या घरात, ताईच्या बाळंतपणात, आणि लागला तो मासोळ्यांपायी. त्या हिवाळ्यात आमच्या घरात प्रत्येक जण दुसऱ्याकडे चोरून बघत होता. मी तर दिवसभर तेच काम करत होते.

घर गावाच्या कडेला होतं आणि मागे बाबांची भाजीची वाडी. पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी. पहाटे बाबा आणि आई ओट्यावर बसून जुड्या बांधायचे आणि सगळ्या घराला ओल्या सांभाराचा वास यायचा. बाजारात मामाचं माशांचं दुकान होतं. खायच्या नव्हे, बघायच्या. लोकांना ते खरं वाटायचं नाही. ‘बघाले कोनी मासोया घेते का बे?’ म्हणून हसायचे आणि हसता हसता काचेला नाक लावून उभे राहायचे. मामाचा माल कलकत्त्याहून रेल्वेनं यायचा, थर्माकोलच्या पेट्यांत, हवा भरलेल्या फुगीर पिशव्यांतून. एकदा त्यानं आलेला माल घाईघाईत दुकानातल्या टाक्यांत सोडला. नव्या मासोळ्यांच्या अंगावर साखर सांडल्यासारखे पांढरे ठिपके होते, ते त्याच्या लक्षात आलं नाही. आठवड्यात जुन्या मासोळ्याही गेल्या, दुकान ओस पडलं. तेव्हापासून मामानं कानाला खडा लावला. नवीन मासोळी आली की आधी वेगळी ठेवायची, नीट खाते-पिते, पोहते, रंग धरते अशी खात्री झाली की मगच दुकानात. आणि वेगळी ठेवायची ती आमच्या घरी, कारण आमच्या विहिरीचं पाणी चांगलं आणि मागची खोली हिवाळ्यातही ऊबदार.

सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाला होते आणि अभ्यास सोडून कोणतंही काम मला आवडायचं. पिशवी आली की ती बांधलेलीच टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, म्हणजे आतलं-बाहेरचं पाणी सारखं गरम होतं. मग सलाइनच्या नळीनं टाकीतलं पाणी पिशवीत थेंब थेंब सोडायचं. घाई केली की मेलीच समजा. टाकीवर जुनं लुगडं टाकून अंधार करायचा. उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलीतून पिळून चिमूटभर द्यायचा. साबणाचा हात पाण्याजवळ न्यायचा नाही. भिंतीला खिळ्यावर हवेचा पंप टांगलेला, त्याची नळी टाकीतल्या स्पंजपर्यंत गेलेली, आणि तो दिवसरात्र घुर्र घुर्र करत बुडबुडे सोडायचा. त्या वेळचा माल म्हणजे निऑन. नखाएवढी मासोळी, अंगावर निळी रेघ आणि मागे लाल. घाबरली, आजारी पडली की आधी ती रेघ विझते. मी रोज सकाळी रेघा बघायची. आजही कोणाच्या घरी टाकी दिसली की मी माणसांना नमस्कार करायच्या आधी माशांच्या रेघा बघते, मग यजमानांना काय वाटायचं ते वाटो.

त्यातच ताई पहिल्या बाळंतपणाला आली. तिचं सासर पुलगावचं. मुलगा झाला, दवाखान्यातून घरी आणला, आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की घरातली एकमेव ऊबदार, अंधारी, वारा न लागणारी खोली म्हणजे माझ्या माशांची खोली. बाबांची मोठी बहीण, सरूआत्या, खास बाळंतपणासाठी सिंदीहून आली होती. नात्यागोत्यात कुठंही बाळंतीण असली की सरूआत्याला बोलावणं जायचं. तिच्या हातचं लेकरू कसं गुटगुटीत होतं, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची आणि ते खरंही होतं. तिनं दारातूनच टाकी पाहिली.

“बाप्पा! बाळंतिणीच्या खोलीत मासोया? डोकस्यात फरक पडला का तुमच्या? काढा ते बाहेर.”

“बाई, बाहेरच्या थंडीत मरतीन त्या,” बाबा म्हणाले. “मेव्हण्याचा माल हाये. कोपऱ्यात राहू दे.”

“राहू दे ना वं आत्या,” ताई पडल्या पडल्या म्हणाली. “तो घुर्र घुर्र आवाज आला का लेकरू बराबर झोपते.”

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू ताईला हे मीच शिकवून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर शिकवलं होतंच.

मग त्या खोलीवर आत्याचं राज्य सुरू झालं. आधी तिनं वाडीकडची खिडकी लावली आणि फटीतून वारा येतो म्हणून चौकटीत गोणपाट कोंबलं. सकाळी तेल लावून ताईला आणि लेकराला कढत पाण्यानं अंघोळ, मग बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर पांघरूण घेऊन शेक. संध्याकाळी पुन्हा शेगडी, आणि निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, कडुनिंबाचा पाला टाकून धुरी. दार लावलेलं. आत गेलं की डोळे चुरचुरायचे, पण वास मात्र सुंदर. स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, ज्वारीची गरम भाकर आणि शेपूची भाजी, त्यावर तुपाची धार. ताईच्या ताटातलं उरलेलं मी खायची आणि आत्या ओरडायची, ‘तू काय बाळंतीण हायेस का वं?’ तेवढ्यापुरतं घर आनंदात होतं.

मग मासोळ्या मरायला लागल्या. एकदम नाही. एके संध्याकाळी मी टाकीवरचं लुगडं उचललं तर सगळ्या वर आलेल्या, पाण्याला तोंड लावून उघडझाप करताहेत, रेघा विझलेल्या, आणि दोन-तीन तळाशी आडव्या. मी अंगावर ठिपके शोधले, नव्हते. शेपट्या धड, पोटं धड, सकाळी तर अंड्यावर तुटून पडल्या होत्या. पाणी हुंगलं, वास नाही. आणि दुसऱ्या सकाळी उरलेल्या अगदी झकास. पुन्हा संध्याकाळी तेच. रोग असा वेळ बघून येत नाही. वेळ बघून येतो तो माणूस, असं माझ्या मनानं घेतलं आणि एकदा घेतलं की मी मागे हटत नाही. घरात मासोळ्या नको असलेलं माणूस एकच होतं. संध्याकाळी दार लावून त्या खोलीत जाणारंही एकच.

मामा आला आणि त्यानं माझ्यावरच बोट ठेवलं. “साबनाचा हात घातला असशीन तू. नाई तर अंडं जास्त टाकलं.” बाबांना मामाचा संशय. मागे आईजवळ पुटपुटले की तुझ्या भावानं सडका माल आणून आमच्या पोरीच्या माथी मारला. त्यावरून आई बाबांशी बोलेना. आणि आत्याला संशय माशांचाच. कारण लेकराचंही काहीतरी बिनसलं होतं. जन्मला तेव्हा चांगला रडका, आता दिवसेंदिवस गप्प. दूध ओढता ओढता झोपी जायचा, उठवला तरी डोळे उघडायचा नाही. ताईचं डोकं रोज चढायचं, उठली की भोवळ यायची. बाळंतीण आहे, अशक्तपणा असतोच, असं सगळे म्हणत होते. पण म्हणताना कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं. मला रात्री अंथरुणात भलतंसलतं वाटायचं, पण ते बोलून दाखवायची हिंमत नव्हती.

आत्याला मात्र होती. “मासोया मरून राह्यल्या न् लेकरू सुकून राह्यलं,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “हे उगीच होते का? नजर हाये ही. त्या पानी-पेटीतून लागून राह्यली.” आणि नजर लागली म्हणून तिनं संध्याकाळच्या धुरीत भर घातली. आधी ओवा-शेपा होता, आता मीठ, मोहरी, लाल मिरच्याही. खोकत बाहेर यायची आणि माझ्याकडे रागानं बघायची. मीही बघायची. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, “सुमे, तू आत्याच्या मागं काऊन लागून राह्यली? काय केलं तिनं?” मी म्हटलं, तेच तर बघायचंय.

त्याच सुमारास एका संध्याकाळी लाइट गेली. आमच्याकडे तेव्हा ती नेहमीच जायची आणि पंप बंद पडला की मी कासावीस व्हायची, कारण बुडबुडे थांबले तर मासोळी किती वेळ तगणार. त्या दिवशी लाइट चांगली उशिरा आली. मी घाबरत लुगडं उचललं. एकही मासोळी मेली नव्हती. उलट सगळ्या खाली, शांत, रेघा झळझळीत. पंप बंद असताना जगतात आणि चालू असताना मरतात! या एका गोष्टीवरून मला सगळं कळायला हवं होतं. पण माझं डोकं आत्याभोवतीच फिरत होतं. मी म्हटलं, बघा, अंधारात तिला काही टाकता आलं नाही.

नेमकं त्याच आठवड्यात ताईच्या सासूबाई पुलगावहून नातवाला बघायला आल्या. त्या बाईंचा आवाज मोठा आणि नाक त्याहून मोठं. मी सकाळी काढलेल्या मेलेल्या मासोळ्या एका वाटीत ठेवल्या होत्या, मामाला दाखवायला, आणि ती वाटी खिडकीपाशीच राहिली होती. त्यांनी आधी वाटी पाहिली, मग लेकराला उचललं. मान टाकून झोपलेलं. गाल हलवला, तळव्याला टिचक्या मारल्या, तरी नुसतं कण्हलं.

“माह्या नातवाच्या उशाशी मेल्या मासोया ठेवता?” त्या म्हणाल्या. “असं असते का माहेर? न् तुमी मोठ्या नाववाल्या सरूबाई! तुमच्या हातचं लेकरू असं दिसते होय?”

आत्यानं ती वाटी उचलली आणि पदराखाली झाकली.

“मी बाजाराच्या दिवशी गाडी घेऊन येतो,” जाताना त्या म्हणाल्या. “सुनेले न् लेकराले पुलगावले नेतो.”

ताई रडायला लागली. अशा अवस्थेत, अशा थंडीत, उघड्या गाडीतून न्यायचं म्हणजे काय, हे सगळ्यांना कळत होतं, पण अडवणार कोण? आईनं मला सांगितलं, टाकी उद्या मामाकडे पाठव. मी हो म्हटलं. पण पाठवायच्या आधी मला चोर पकडायचा होता.

दुसऱ्या दिवशी दिवस कलायला लागला तशी मी मागच्या वाडीत गेले आणि मेथीच्या वाफ्यात, खिडकीखाली बसले. गोणपाटाचा एक कोपरा मी दुपारीच बोटानं सैल करून ठेवला होता. खोलीत बल्ब लागलेला होता. आत्या शेगडी घेऊन आली, दार लावलं, बाजेखाली सरकवली. ताई पडून होती. आत्यानं धुपाटण्यात निखारे घेतले, मीठ-मोहऱ्या टाकल्या, तडतड झाली. लेकरावरून ओवाळलं. मग ताईवरून. आणि मग ती टाकीकडे वळली. मी श्वास रोखला. आता टाकेल, आता काहीतरी टाकेल.

तिनं लुगडं बाजूला केलं आणि धुपाटणं टाकीवरून ओवाळायला लागली, तसंच, लेकरावरून ओवाळलं होतं तसं.

“तुमच्यावरबी कोनाची नजर पडली बाप्पा,” ती मासोळ्यांना सांगत होती. “जगा आता गुमान. त्या सुमी पोट्टीचा जीव तुमच्यात हाये. तोंड उतरलं तिचं.”

आणि धुपाटणं तिनं खिळ्याखालच्या स्टुलावर ठेवलं, पंपाच्या बरोबर खाली.

मला काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. रडू आलं एवढं खरं. आणि रडत असतानाच माझे डोळे टाकीवर होते. टाकीतला प्रत्येक बुडबुडा वर येऊन फुटत होता आणि फुटला की त्यातून करड्या धुराचा एक धागा निघत होता. पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडत होता. ही तर त्याची नोकरीच होती. मासोळ्या एकेक करून वर यायला लागल्या.

मी धावत जाऊन दार ढकललं. आत धुरानं घसाच धरला. पंप खिळ्यावरून काढला, खिडकी उघडली, गोणपाट टराटरा ओढलं आणि पंप नळीसकट खिडकीबाहेर लोंबकळत सोडला. आत्या ओरडली, “थंडी येईन ना वं, पोट्टे!”

“तू मारून राह्यली त्याइले!” मीही ओरडले. “हे पाह्य. बुडबुड्यातून धूर निघत होता. रोज संध्याकाळी हेच. आता पाह्य, बाहेरची हवा आली.”

आत्या टाकीजवळ वाकली. बुडबुडे आता स्वच्छ येत होते. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, ती खोकत, मी नाक पुसत. बऱ्याच वेळानं एक मासोळी पाण्याचा वरचा थर सोडून खाली गेली. मग दुसरी. एकीची रेघ थोडी उजळली. मी जिंकल्यासारखं आत्याकडे पाहिलं.

ती टाकीकडे बघतच नव्हती. तिनं पंपाची नळी बघितली, कुठून कुठं गेली ते. मग खिडकी. मग बाजेखालची शेगडी. मग बाजेवरचं ते गप्प गाठोडं.

“न् मंग ह्याले?” ती म्हणाली. अगदी हळू. “ह्याले कोनती हवा हाये वं सुमे?”

मी हललेच नाही. आत्यानंच लेकरू उचललं. ज्या बाईनं त्याच्या कानाला वारा लागू दिला नव्हता, ती त्याला घेऊन उघड्या अंगणात धावली, अनवाणी, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठे. मी आणि आईनं ताईला दोन्हीकडून धरून बाहेर आणलं. बाबा वाडीतून धावत आले. बाहेर बोचरी थंडी होती. लेकराचं तोंड तसंच मिटलेलं. आत्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि आभाळाकडे बघून काय काय म्हणत होती, ते मला ऐकू येत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की हा आता रडला पाहिजे. आणि मग त्यानं नाक मुरडलं, एक लहानशी शिंक दिली, आणि भोकाड पसरलं. काय ते रडणं! शेजारची माणसं बाहेर आली.

“रड माह्या बापा,” आत्या म्हणाली. “रड, रड.” आणि स्वतःच त्याच्यापेक्षा मोठ्यानं रडायला लागली.

त्याच संध्याकाळी बाबांनी दोघांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बंद खोली आणि शेगडी एवढं ऐकलं आणि बाबांनाच फैलावर घेतलं, शिकल्यासवरल्या गावात राहता म्हणून. लेकराला दोन दिवस ठेवून घेतलं आणि खडखडीत करून घरी पाठवलं. ताईचं डोकं पुन्हा चढलं नाही. मी आत्यावर संशय घेतला याची मला कधी लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. संशय घेतला म्हणून तर मेथीत जाऊन बसले. पण त्या दिवसापासून आत्याचा आवाज बसला. शेगडी तिनं स्वतः उचलून अंगणात नेऊन ठेवली, आणि टाकी मामाकडे पाठवायचं मग कोणी नावही काढलं नाही. खिडकीचं दार वाऱ्यानं लागू नये म्हणून फटीत वीट घातली आणि तिथंच पाठ लावून बसायची, म्हणजे वारा तिला लागेल, लेकराला नाही. कोणी तिला दोष दिला नाही, पण ते तिला पुरेसं नव्हतं. एवढ्या लेकरांना न्हाऊमाखू घातलं तिनं, आणि ही गोष्ट घराबाहेर गेली असती तर पुन्हा कोणत्या दारातून तिला बोलावणं आलं असतं?

बाजाराच्या दिवशी पुलगावची गाडी दारात उभी राहिली. सासूबाई सरळ खोलीत आल्या. नाक उडवून हुंगलं. धुराचा वास नाही. खिडकी सताड उघडी, खिडकीबाहेर पंप टांगलेला, चौकटीत वीट.

“एवढ्या थंडीत खिडकी उघडी?” त्यांनी आमच्या एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. “शेगडी नाई, धुरी नाई. काऊन? काय झालं इथं? मले खरं सांगा.”

आई ताईकडे बघायला लागली, ताई खाली. आत्या लेकराला मांडीवर घेऊन तेल लावत होती. तिचा हात थांबला. तिनं मान वर केली, तोंड उघडलं. ती सांगणार होती. मला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, ती सगळं सांगून टाकणार होती.

“मासोयाइले लागते जी,” मी म्हटलं.

“काय?”

“मोकळी हवा. मासोयाइले लागते. त्याच्यानं उघडी ठेवली.”

सासूबाईंनी टाकीकडे पाहिलं. जगलेल्या निऑन एका कोपऱ्यात घोळका करून उभ्या होत्या, निळ्या रेघा लखलखीत. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मी डोळे न हलवता उभी राहिले.

आत्याचा हात पुन्हा चालायला लागला. “हो जी,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “लय नाजूक असतेत त्या.”

तेवढ्यात तेल नाकात गेलं म्हणून लेकरानं अशी आरोळी ठोकली की बाहेर गाडीवानानं आत डोकावलं. सासूबाईंनी त्याला उचललं, पाय झाडणारा, मुठी आपटणारा, तांबडालाल. जरा वेळ त्याचं रडणंच ऐकत उभ्या राहिल्या. मग खिडकीपासून लांब, भिंतीशी सरकून बसल्या आणि आईला म्हणाल्या, चहा ठेवा. संध्याकाळी त्या एकट्याच गाडीत चढल्या. गाडीत बाळंतिणीसाठी अंथरलेली गादी तशीच गुंडाळून परत गेली.